अहिल्याकाकूंची एक बट

परवाने देणाऱ्या साहेबांनो, चूक तुमची आहे. ब्युटी स्कूलमध्ये शिकवायचा परवाना हवा असेल तर परीक्षेच्या दिवशी जिवंत मॉडेल उमेदवाराने स्वतः शोधून आणावी, असा नियम तुम्ही करून ठेवलात. बरं, आणावी. पण मिशिगनमधल्या ट्रॉय गावातल्या एका मराठी बाईने ती आणायची कुठून, हा विचार तुमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आला नाही. मॉडेल म्हणजे तुम्हाला वाटलं असेल एक डोकं आणि त्यावरचे केस. आमच्यात डोक्याखाली सासू असते, व्हिसा असतो, मराठी मंडळ असतं आणि अब्रू असते.

त्या बाईचं नाव मृणालिनी. नागपूरची, केमिस्ट्रीत एमएस्सी. नवरा श्रीराम मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. लग्न होऊन आली तेव्हा व्हिसा असा, की नोकरी करायची नाही. पाच वर्षं तिने पोळ्या लाटल्या आणि खिडकीतून बर्फ बघितला. १९९९ मध्ये ग्रीन कार्ड आलं, तेव्हा सगळ्यांना वाटलं ही आता कॉम्प्युटरचा कोर्स करणार, कारण गावातली प्रत्येक मराठी बाई तेव्हा तोच करत होती. हिने ब्युटी स्कूलमध्ये नाव घातलं.

मंडळात ही बातमी पोचली तेव्हा घरातलं कोणीतरी तुरुंगात गेल्यासारख्या आवाजात चौकशी झाली. श्रीराम माणूस भला, पण पार्टीत हातात प्लेट घेऊन सरळ खोटं बोलायचा. बायको काय करते असं कोणी विचारलं की म्हणायचा, "केमिकल्समध्ये आहे." समोरचा मान डोलवायचा. केमिकल्स म्हटलं की कंपनी दिसते, केस धुवायचं बेसिन दिसत नाही.

अहिल्याकाकूंनी मात्र आडपडदा ठेवला नाही. अहिल्याकाकू म्हणजे हृदयरोगतज्ज्ञ डॉक्टर देवदत्तांच्या पत्नी, वय त्रेसष्ट, मंडळाच्या दोनदा अध्यक्ष. दिवाळीच्या जेवणात दहा बायकांसमोर त्या म्हणाल्या, "शिकलेली मुलगी गं तू. आपल्याकडे या कामाला दुसरी माणसं यायची, तीसुद्धा मागच्या दाराने." आणि पुढच्याच आठवड्यात त्या भुवया कोरून घ्यायला मृणालिनीच्या बेसमेंटमध्ये आल्या. मागच्या दाराने.

असं अख्खं मंडळ यायचं. मंडळाच्या हॉलमध्ये ओळख न दाखवणारी माणसं खाली बेसमेंटमध्ये मान वाकवून बसायची. दिवसा सलॉनमध्ये नोकरी आणि शनिवार-रविवार हे. चार वर्षांत मृणालिनीचा उजवा खांदा कामातून गेला. डॉक्टरने स्वच्छ सांगितलं, कात्री कमी करा. कात्री कमी केली तर सलॉनमध्ये खुर्ची राहत नाही. तेवढ्यात ब्युटी स्कूलमधली एक जुनी शिक्षिका निवृत्त होणार असल्याचं कळलं. प्रिन्सिपलबाईंनी मृणालिनीला बोलावून सांगितलं, शिकवायचा परवाना मिळव, जागा तुझी. नाही मिळाला तर काय, हे मृणालिनीला कोणी सांगायची गरज नव्हती. पुन्हा पोळ्या, पुन्हा बर्फ.

सहा महिने ती त्या जुन्या बाईंच्या मागे उभं राहून वर्ग सांभाळायला शिकली. लेखी परीक्षा दिली, पास झाली. २००५ चा जानेवारी उजाडला आणि शेवटची पायरी उरली. पंचेचाळीस मिनिटांचा एक वर्ग घ्यायचा, समोर खऱ्या विद्यार्थिनी, मागच्या रांगेत परवाना कार्यालयाने पाठवलेल्या परीक्षक. विषय तिने निवडला तो असा: कधीही रंग न लावलेल्या काळ्या केसांवर हायलाइट्स. काळ्या केसांची अक्कल तिच्याइतकी त्या गावात कोणाला नव्हती. मॉडेलही ठरली होती. राधिका, पुण्याची, सव्वीस वर्षांची, कंबरेपर्यंत केस आणि त्यांना तेलाशिवाय काही माहीत नाही.

मंगळवारी वर्ग. शुक्रवारी संध्याकाळी राधिकाचा फोन आला.

"ताई, सॉरी यार, मला कॅन्सल करावं लागतंय. टोरंटोला व्हिसा स्टॅम्पिंग आहे, आणि फोटो काढून झालाय."

मृणालिनीला कळेना की फोटोचा काय संबंध. राधिकाने तो समजावून सांगितला. फोटोत सगळे केस काळे आणि वकिलातीच्या खिडकीपुढे उभी राहिली तेव्हा मध्ये मध्ये सोनेरी पट्टे, असं दिसलं तर ऑफिसर म्हणेल ही दुसरीच कोणीतरी आहे. मृणालिनी म्हणाली, अगं, चेहरा तोच राहील ना. पण राधिकाने इंटरनेटवर वाचलं होतं, की न्यू जर्सीचा एक मुलगा मिशी काढून गेला आणि तीन आठवडे तिकडेच अडकला. शिवाय तिचा नवरा म्हणत होता, रिस्क कशाला. नवरा रिस्क म्हणाला की विषय संपतो.

शनिवारी मृणालिनीने अकरा फोन केले. एकीने सप्टेंबरमध्येच केस रंगवले होते. एकीच्या सासूबाई पुण्याहून आल्या होत्या आणि त्या जाईपर्यंत सून केस मोकळेसुद्धा सोडत नव्हती. एकीने नवऱ्याला विचारून सांगते म्हटलं आणि फोन उचलणं बंद केलं. बाकीच्यांनी मनापासून शुभेच्छा दिल्या. चार वर्षं ज्यांच्या मुलांचे केस तिने बेसमेंटमध्ये कापले, त्यांच्यापैकी एकीचंही डोकं पाऊण तासासाठी मोकळं नव्हतं.

रविवारी मंडळातल्या शुभाकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. जायची इच्छा नव्हती, पण न जाणं जास्त महाग पडतं. शुभाने तिळगूळ हातावर ठेवता ठेवता विचारलं, मिळाली का गं मॉडेल? मृणालिनीने नाही म्हणून मान हलवली. शुभाचा चेहरा एकदम उजळला. आता हे समजायला हवं, की अहिल्याकाकूंचे केस त्रेसष्टाव्या वर्षी शाईसारखे काळे होते आणि काकू दर वर्षी मंडळात त्यावर भाषण देत: खोबरेल, आवळा आणि मनःशांती. मंडळातल्या बायका टाळ्या वाजवत आणि घरी जाताना गाडीत हसत. शुभा सहा वर्षं संधी शोधत होती.

"काकू," शुभा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "कधी रंग न लावलेले काळे केस हवेत म्हणे हिला. अख्ख्या मिशिगनमध्ये तुमच्याशिवाय कोण आहे?"

पंचवीस बायका वाणाचे डबे मांडीवर घेऊन काकूंकडे बघत राहिल्या. काकूंचा हात आपोआप अंबाड्याकडे गेला. नाही म्हणायचं तर कारण द्यायला हवं होतं, आणि कारण एकच होतं.

"हो, बसेन की," काकू म्हणाल्या. "मुलीचं भलं होत असेल तर."

मृणालिनीला सगळं माहीत होतं. भुवया कोरताना बाईचं कपाळ चार बोटांवर असतं. महिन्याच्या मध्याला काकूंच्या केसांच्या मुळाशी तांदळाएवढी पांढरी रेघ उगवायची आणि पुढच्या खेपेला नाहीशी व्हायची. खिडकीतून ऊन आलं की त्या काळ्यात हिरवी झाक दिसायची, आणि केस हाताला तारेसारखे लागायचे. असली झाक धातूचे क्षार घातलेल्या रंगाने येते. अशा केसांवर हायलाइट्सचं औषध लावलं की केस तापतात, वाफ निघते आणि बोटभर लांबीवर तुटून हातात येतात. एमएस्सीत हे शिकवत नाहीत, पण एमएस्सीने ते कळतं.

पण हे काकूंना सांगायचं कसं? तुम्ही खोटं बोलता, असं वडीलधाऱ्या बाईला तोंडावर सांगायची सोय आपल्या भाषेत कोणी करून ठेवलेली नाही. नको, तुम्ही बसू नका, असं पंचवीस बायकांसमोर म्हणणं म्हणजे तेच सांगणं. तेव्हा एक सगळं ओळखून आणि दुसरी सगळं लपवून अशा दोघी, अतिशय नम्रपणे, मंगळवारी सकाळी एकाच गाडीत बसल्या.

गाडीत मृणालिनीने तीन वेळा विचारलं. पहिल्यांदा आडून: काकू, केसांना काय लावता हो? तेल. दुसऱ्यांदा जवळून: मेंदी वगैरे? आवळा. तिसऱ्यांदा तिने काकूंना विचारलंच नाही, विंडशील्डला सांगितलं. काही बायकांच्या रंगात तांबं वगैरे असतं, बिचाऱ्यांना स्वतःलाही ठाऊक नसतं, आणि मग औषध लावल्यावर डोक्यावर फार तापतं.

दोन सिग्नल गेल्यावर काकूंनी समोरचा आरसा खाली ओढून भांग बघितला.

"फार म्हणजे साधारण किती?" त्यांनी विचारलं.

"फोडणीइतकं."

"अस्सं," काकू म्हणाल्या. "मला काय त्याचं."

वर्गात चौदा मुली होत्या, बहुतेक डेट्रॉइटच्या. मागच्या रांगेत मिसेस कोवाल्स्की, मांडीवर परीक्षेचा कागद. मॉडेलने भरायच्या फॉर्मवर काकूंनी ठसठशीत अक्षरात लिहिलं की केसांना आजवर काहीही लावलेलं नाही, आणि खाली डॉक्टरांच्या प्रिस्क्रिप्शनवर असते तशी सही ठोकली. मुली त्यांना मिस अहिल्या म्हणू लागल्या. लग्न झाल्यापासून काकूंना नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. त्या खुर्चीत जरा ताठ बसल्या.

मृणालिनीने मनाशी ठरवलं होतं. औषध लावण्याआधी केसाची चाचणी करायची असते, ती बहुतेक शिक्षक तोंडी सांगून उरकतात. ती खरोखर करून दाखवायची. तिने काकूंच्या मानेपाशी आतल्या बाजूची एक बट कापली. काचेच्या वाडग्यात पेरॉक्साइड घेतलं, त्यात अमोनियाचे थेंब टाकले, बट सोडली. मुली भोवती जमल्या.

मिनिटभर काही झालं नाही. काकूंनी डोळे मिटून बहुधा आवळ्याचं नाव घेतलं. मग वाडग्यातून बारीक बुडबुडे आले, मग मोठे, आणि चहाला उकळी यावी तसं ते पाणी वर चढलं. वाडगा इतका तापला की एका मुलीने हात मागे घेतला. कुबट वास सुटला. मृणालिनीने चिमट्याने बट वर काढली, तर तिचे मधोमध दोन तुकडे झाले आणि खालचा टेबलावर पडला.

मिसेस कोवाल्स्की उठून पुढे आल्या. त्यांनी तुकडा पाहिला, फॉर्म पाहिला आणि काकूंना अगदी मऊ आवाजात विचारलं, की मॅडम, केसांना काही लावता का? काकू म्हणाल्या, फक्त तेल. मग त्या मृणालिनीकडे वळून मराठीत बोलल्या.

"हिला सांग, तुझ्या औषधात काहीतरी दोष आहे. तू लहान आहेस. तुझं काय जातंय?"

घड्याळात तेरा मिनिटं झाली होती. तासाचा आराखडा समोर होता, आणि त्यात चौदाव्या मिनिटाला औषध लावायला सुरुवात करायची होती. लावलं तर काकूंचं टक्कल. नाही लावलं तर आराखडा संपला. दोष आपला म्हटलं तर शिक्षिका म्हणूनही संपलीच.

"माझी नोकरी जाते, काकू," मृणालिनी म्हणाली. चार वर्षांत पहिल्यांदा तिने या बाईला खाली न बघता उत्तर दिलं.

मग ती वर्गाकडे वळली आणि म्हणाली, आज हायलाइट्स होणार नाहीत. आज आपण शिकू की गिऱ्हाईक खरं का सांगत नाही आणि ते काढून कसं घ्यायचं. यांनी खोटं सांगितलं म्हणून यांना दोष देऊ नका. प्रश्नच चुकीचा होता. आता तुम्ही विचारा.

मोनिक नावाची एक धिप्पाड मुलगी स्टूल ओढून काकूंच्या समोर बसली, गुडघ्याला गुडघा लावून. ती म्हणाली, "मिस अहिल्या, माझी आजी चर्चमध्ये सगळ्यांना सांगते की तिचे केस असेच आहेत. आम्ही कोणी काही बोलत नाही. तुम्हाला किती वर्षं झाली?"

काकूंनी मान वळवून वर्गभर नजर फिरवली. मृणालिनी सोडली तर ओळखीचा चेहरा नव्हता. मंडळाचं कोणी नव्हतं, सुनेच्या माहेरचं कोणी नव्हतं, शुभा नव्हती.

"बावीस," काकू म्हणाल्या.

आणि त्यानंतर त्यांना थांबवणं कोणाला शक्य नव्हतं. दर वर्षी भारतातून येताना काळ्या मेंदीची अठरा पाकिटं भाजणीच्या डब्यात, तळाशी. एअरपोर्टवर कुत्रं हुंगायला आलं तर भाजणीचा वास. महिन्याच्या तिसऱ्या रविवारी डॉक्टर गोल्फला, थंडीत ब्रिजचे पत्ते खेळायला. रात्रभर लोखंडी कढईत भिजवायचं, म्हणजे रंग चढतो. बाथरूमला आतून कडी. टब काळा पडला तेव्हा त्यांनी नवऱ्याला सांगितलं की पाणी जड आहे. डॉक्टरांनी प्लंबर बोलावला, पाणी लॅबमध्ये तपासून घेतलं आणि शेवटी तळघरात पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवलं. बावीस वर्षं हृदयं तपासणाऱ्या माणसाला उशीवरचे डाग दिसले नाहीत. मुली पोट धरून हसत होत्या. काकूही हसत होत्या. मंडळातल्या भाषणात त्या कधी हसलेल्या कोणाला आठवत नाहीत.

मृणालिनी फळ्यावर लिहीत होती. लावता का, असं विचारू नका; कधीपासून, असं विचारा. पहिलं उत्तर लिहून घ्या, विश्वास दुसऱ्यावर ठेवा. घरच्यांसमोर कधीही विचारू नका. फॉर्म माणूस भरतो, चाचणी केस देतात. चौदा मुली मान खाली घालून उतरवून घेत होत्या. मिसेस कोवाल्स्कींनी स्वतःच्या वहीत उतरवून घेतलं, परीक्षेच्या कागदावर नाही. जाताना त्यांनी मृणालिनीचा हात हातात घेऊन सांगितलं, की एकवीस वर्षांत असा वर्ग पाहिला नाही. मग कागदाकडे बघून म्हणाल्या, पण यासाठी इथे जागाच नाही गं.

परतताना गाडीत काकूंनी डोक्यावर स्कार्फ बांधला.

"यातलं मंडळात काही बोलू नकोस."

"नाही बोलणार."

"आणि हायलाइट्स का नाही झाल्या असं कोणी विचारलं, तर सांग की केस इतके दाट, औषध पुरलं नाही."

मृणालिनीला ते सांगावं लागलं नाही. गुरुवारपर्यंत ते काकूंनीच सगळीकडे सांगून झालं होतं. शुभा दोन दिवस जेवली नाही म्हणतात.

तीन आठवड्यांनी तुमचं पत्र आलं, साहेबांनो. मॉडेलवर सेवा पूर्ण केली नाही, सबब अनुत्तीर्ण. एक ओळ. खाली सही वाचता येत नाही. समासात मिसेस कोवाल्स्कींनी पेन्सिलीने बारीक अक्षरात बरंच काही लिहिलं होतं. ते तुम्ही वाचलंत असं दिसत नाही.

त्याच आठवड्यात शाळेचंही एक पत्र आलं, पण ते अहिल्याकाकूंना. प्रिन्सिपलबाईंना मुलींकडून सगळं कळलं होतं. दर महिन्याला नव्या तुकडीपुढे येऊन मिस अहिल्यांनी आपला अनुभव सांगावा, अशी विनंती होती. काकूंनी ती मोठ्या मनाने मान्य केली. मंडळाच्या वार्तापत्रात पहिल्या पानावर फोटोसकट छापून आलं: आपल्या अहिल्याताई आता अमेरिकन कॉलेजात केशविज्ञान शिकवतात. फोटोत केस काळेभोर आहेत. गाडीत हसणाऱ्या बायकांनी अभिनंदनाचे फोन केले. देवदत्तकाका भेटेल त्याला सांगतात, बायको फॅकल्टीवर आहे. शिकवणं म्हटल्यावर ते काम मागच्या दाराचं राहिलं नाही.

काकू बर्फात गाडी चालवत नाहीत, म्हणून त्यांना नेण्या-आणण्याचं काम मृणालिनीकडे आहे. ती मागच्या रांगेत बसते आणि तिनेच फळ्यावर लिहिलेली वाक्यं काकूंच्या तोंडून ऐकते. काकू ती बरी म्हणतात. एखाद्या मुलीने मध्येच अमोनियाचं प्रमाण विचारलं, की काकू हाताने मागे खूण करतात आणि सांगतात, ते माझी असिस्टंट सांगेल.

मृणालिनीने तुमच्याकडे अपील केलं. पाच आठवडे झाले. प्रिन्सिपलबाईंनी जागा मार्चअखेरपर्यंत धरून ठेवली आहे, आज एकोणतीस तारीख आहे, आणि फोन केला की तुमच्याकडे एक यंत्र सांगतं की आपला कॉल महत्त्वाचा आहे. महत्त्वाचा असेल तर एकाच प्रश्नाचं उत्तर द्या. त्या दिवशी तिने ते औषध त्रेसष्ट वर्षांच्या बाईच्या डोक्यावर लावलं असतं, केस वर्गासमोर जळून गळून पडले असते, तर तुमच्या कागदावर सेवा पूर्ण झाली असती. मग तुम्ही तिला पास केलं असतं का? परवा संध्याकाळपर्यंत लेखी कळवा, आणि खाली सही वाचता येईल अशी करा.